साडेसात मिनिटं

फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, रोज पंधरा मिनिटं,
गुडघ्याला बरं.
म्हणून बाल्कनीत आणून ठेवलीय
कुठेच न जाणारी एक सायकल.
चाक एकच, तेही झाकलेलं.
घंटी नाही.
घंटीचं मी दुकानदाराला दोनदा विचारलं,
तो हसला नाही, त्यानं कॅटलॉग उघडलं.

चौदाव्या मजल्यावरून शिवडीची खाडी दिसते,
दोन टॉवरांच्या फटीतून, हातरुमालाएवढी,
आणि गोदामांचे पत्रे, उरलेत तेवढे.
त्यांच्याच मागे कुठेतरी पास्कलचं दुकान.
दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेल्या सहा सायकली,
एक पंप, पंक्चर शोधायचं घमेलं,
आणि खिळ्याला टांगलेलं मनगटी घड्याळ,
पट्टा तुटलेलं.

अर्ध्या तासाचे पंचवीस पैसे.
पाच पैशांची पाच नाणी, आणि आम्ही चौघं.
पाचवं नाणं कुणाचं, यावर दर रविवारी भांडण,
शेवटी फ्लोरी द्यायची, तिचे वडील बोटीवर होते.
अर्धा तास भागिले चार
दिग्यानं विटेच्या तुकड्यानं फुटपाथवर मांडला,
वर्गात ज्याला भागाकारावरून अंगठे धरायला लावत
त्या दिग्यानं.
साडेसात मिनिटं.

सीटवर मी त्या अख्ख्या वर्षात बसले नाही.
सीट मोठ्या माणसांसाठी होती.
आम्ही दांडीखालून पाय घालायचो,
तिरके लोंबकळत, अर्ध्या पायडलवर,
फ्रॉकची किनार चेनच्या तोंडात.
गासड्यांतून सांडलेला कापूस रस्त्यावर असायचा,
तो चाकाला गुंडाळत, काळा करत
आम्ही कॉटन ग्रीनच्या कोपऱ्यापर्यंत जायचो.
बाकीचे तिघं मागून पळत.
आता हिशेब केला तर
सायकलवरून गेले त्याच्या तिप्पट
मी सायकलमागे पळालेय.

वेळ चारू मोजायची, साठपर्यंत सात वेळा, मग तीस.
आमच्या पाळीला भरभर.
स्वतःच्या पाळीला, हॅंडल सांभाळत,
एकोणतीसवर आली की तिला ठसका लागायचा.

एकदा दिग्या उतरलाच नाही.
चारूचे तीस झाले, साठ झाले,
तो पोर्ट ट्रस्टच्या रुळांपलीकडे गेला,
शर्टाचं फुगलेलं पाठ तेवढं दिसत राहिलं, मग तेही नाही.
आम्ही पास्कलसमोर उभ्या, कुणी रडत नव्हतं.
दिवे लागल्यावर आला.
मडगार्डला चिखल, हातात काहीच नाही.
"धक्क्यापर्यंत गेलो," म्हणाला, "भरती होती."
पास्कलनं घड्याळ पाहिलं, वही पाहिली,
चिखल फडक्यानं पुसला,
आणि तीन रविवार आम्हाला सायकल दिली नाही.
आठवडाभर आम्ही दिग्याशी बोललो नाही.
राग आला होता, असं आम्ही एकमेकींना सांगितलं.
खरं म्हणजे मलाही ती भरती पाहायची होती,
तशीच, न विचारता, दुसऱ्यांच्या मिनिटांवर.

चारू नाशकात आहे, फोन करते, गुडघे तिचेही.
फ्लोरी वसईला होती म्हणे.
दिग्याचं कुणी पनवेल सांगतं, कुणी काहीच नाही.

मी रोज पायडल मारते.
पडद्यावर आकडे पळतात,
किलोमीटर, कॅलरी, हृदयाचे ठोके,
सगळं मोजलेलं, ठसका न लागता.
आणि साडेसातला पाय आपोआप थांबतो.
सून आतून म्हणते, "आई, अर्धं राहिलं की."
माहीत आहे.
मी उतरते, हॅंडल धरून उभी राहते.
पडणारी नाही ही, चार पायांवर बसलीय घट्ट.
पण पुढचा येऊन धरेपर्यंत
सोडायचं नसतं.